बुंध्याशी साचलेलं पाणी : वरूड तालुक्यातल्या दोन एकर संत्राबागेचं प्रकरण

ऑक्टोबर २०२१ मध्ये आमच्या बागेच्या खालच्या कोपऱ्यातली १४ झाडं अवेळी फुलली. तेव्हा आंबियाचे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचे, दिवस नव्हते आणि जून-जुलैचा मृगाचा बहार तर कधीच होऊन गेला होता. बाकीची बाग हिरवीगार, आपापली फळं सांभाळत उभी, आणि ही १४ झाडं पांढरीशुभ्र. मधमाश्यांचा आवाज धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ऐकू यायचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, फांदी हातात धरून म्हणाले, "पाय सूनबाई, यंदा हस्ताचाबी बहार आला. मांगचं सारं फिटते आता." पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्या १४ पैकी ११ झाडं वाळून गेली होती.

मुळं सडत चाललेलं संत्र्याचं झाड मरायच्या आधी असं भरभरून फुलतं, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्या पट्ट्यात आजही एखाद्या घरी अशा फुलांचा आनंद होत असेल. म्हणून आमच्या बागेचं जे झालं ते मी वहीतल्या नोंदी समोर ठेवून सगळं लिहिते आहे, आमच्या चुकांसकट.

बाग आणि २०१९ चा उन्हाळा

आमचं गाव वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. वरूड-मोर्शीला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. शेत पाच एकर, त्यातल्या दोन एकरांत संत्रा. २०१० च्या पावसाळ्यात मामाजींनी २० बाय २० फुटांवर २१२ कलमा लावल्या, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेल्या, म्हणजे खाली मुळं जंबेरी लिंबाची आणि वरचं झाड संत्र्याचं. जमीन काळी, भारी, पावसात पाय धरून ठेवणारी. शेताला उत्तरेकडून दक्षिणेकडे हलका उतार आहे आणि दक्षिणेचा कोपरा थोडा खोलगट.

या बागेनं आमचं घर उभं केलं. दोन नणंदांची लग्नं, घराचा स्लॅब, बोअर, सगळं संत्र्यावर. २०१८ च्या आंबियाला आठ टनांच्या आसपास माल निघाला होता.

मग २०१९ चा उन्हाळा आला. त्या वर्षी वरूड-मोर्शीत बागाच्या बागा वाळल्या. आमचा तालुका भूजलाच्या बाबतीत आधीच डार्क झोनमधला, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जाणारा. सातशे फुटांचं आमचं बोअर एप्रिलच्या शेवटी फक्त तासभर चालायचं आणि नंतर हवा ओकायचं. मामाजींनी टँकर विकत घेतले. बादलीनं मोजून पाणी घातलं. तरी ९ झाडं गेली, ती नंतर दुसऱ्या कलमा लावून भरली. त्या दोन महिन्यांत मामाजी रात्री बागेतच बाज टाकून झोपायचे. मी तेव्हा या घरात नवी होते, पण पाण्याचा थेंब वाया गेला की त्यांच्या चेहऱ्यावर काय व्हायचं ते मी पाहिलं आहे.

पुढचं सगळं समजून घ्यायला तो उन्हाळा ध्यानात ठेवावा लागतो. कारण पाऊस पडताच मामाजींनी प्रत्येक झाडाला खोल आळं केलं. बुंध्याभोवती गोल, कढईसारखं, काठ उंच. पाणी पडलं की तिथंच मुरावं, बाहेर जाऊ नये. शिवाय झाड पक्कं बसावं म्हणून बुंध्याला मातीची भर दिली. पाण्याविना झाडं मेलेली ज्यानं पाहिली आहेत, त्यानं दुसरं काय केलं असतं? त्या उन्हाळ्यापुरतं ते बरोबरच होतं.

काय दिसत होतं आणि आम्ही काय समजलो

२०२० चा पावसाळा बरा गेला. २०२१ ला पाऊस जास्त झाला आणि आळ्यांमध्ये चार-चार दिवस पाणी उभं राहू लागलं. त्यात २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षी आम्ही आंबियाबरोबर मृगही घेतला. टँकरचं कर्ज फेडायचं होतं. एका झाडावर दोन बहार म्हणजे त्याला वर्षभर उसंत नाही.

खालच्या कोपऱ्यातली झाडं सकाळी टवटवीत दिसायची आणि दुपारी पानं खाली टाकायची. पानं पिवळी पडत होती. शेंड्याकडून फांद्या वाळत होत्या, म्हणजे सल वाढत होती. फळं लिंबाएवढी झाली की गळायची.

दुपारी मलूल होणारं पान पाहिलं की माणसाला एकच सुचतं. मामाजी लगेच मोटार सुरू करायचे.

पिवळेपणासाठी हे, म्हणजे माझे यजमान, तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात पान घेऊन गेले. दुकानदारानं पान उलटसुलट करून झिंक दिलं, वर ह्युमिक आणि कसलंसं टॉनिक. पुढच्या खेपेला आणखी एक टॉनिक. माझ्या वहीत त्या वर्षाच्या औषधांचे ३८ हजार रुपये आहेत. बागेत पाऊल न ठेवता पान पाहून औषध द्यायची ही रीत मला आजही खटकते. पण पान नीट पाहायला आम्हीही शिकलो नव्हतो. झिंक किंवा लोह कमी पडलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. आमच्या पानांचं नेमकं उलटं होतं. मधली शीर पिवळी आणि तिच्या आजूबाजूला हिरवं. झाडाचं अन्नपाणी खाली कुठंतरी अडलं आहे, हे ते पान सांगत होतं.

जुलै २०२२ मध्ये विदर्भात जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल. आमच्या बागेत गुडघ्याएवढा चिखल होता आणि सगळी आळी तुडुंब. ऑगस्टमध्ये हिरवी फळं तपकिरी होऊन गळू लागली. सकाळी झाडाखाली जावं तर आंबूस वास यायचा. सप्टेंबरात बुंध्यांवर मधासारखा डिंक दिसला. गावात त्याला डिंक्या म्हणतात, आणि "डिंक्या आला की झाड गेलंच" असंही म्हणतात.

भाऊबीजेच्या दिवशी काय खणलं

माझा धाकटा भाऊ अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेला. २०२२ च्या भाऊबीजेला तो आला. ओवाळणं झालं, जेवण झालं, आणि तो खुरपं घेऊन बागेत गेला. मामाजी बाजेवर बसून राहिले. पाहुण्या पोरानं येऊन आपल्या बागेत चुका काढाव्यात, हे कुणालाही जडच जाईल.

त्यानं आधी पानाला हातही लावला नाही. फांद्यांच्या घेराखाली, बुंध्यापासून तीन-चार फुटांवर, वीतभर खणून त्यानं एक बारीक मूळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "ताई, चिमटीत धरून ओढ." मी ओढलं, तर वरची साल ओल्या सुरळीसारखी निघून बोटांत आली आणि मागं राहिला नुसता पांढरा दोरा. मग वरच्या अंगाच्या चांगल्या झाडाचं मूळ काढलं. ते ओढलं तर तुटलं, पण साल सुटली नाही. मी तो दोरा तसाच तळहातावर धरून मामाजींकडे नेला. ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "अन् आपन वरून पानी देऊन रायलो."

मग भावानं बुंध्याजवळची माती सरकवायला सुरुवात केली. कलमेचा जोड जमिनीच्या वर नऊ इंच तरी असावा. आमचा जोड दिसतच नव्हता. खुरप्यानं, शेवटी हातानं, पाच इंच माती काढल्यावर तो सापडला. तिथली साल काळी, मऊ, नखानं निघणारी. लावतानाच कलमा खोल गेल्या होत्या, त्यावर २०१९ नंतरची भर, आणि रोटाव्हेटरनं दरवर्षी सरकलेली माती. जंबेरीचा खुंट या रोगाला तसाही लवकर बळी पडतो. वरचा संत्र्याचा भाग त्याहून नाजूक, आणि तोच आम्ही मातीत गाडून ठेवला होता.

मातीचे आणि मुळांचे नमुने आम्ही नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत नेले. फायटोप्थोरा निघाला, मुळं सडवणारा बुरशीसारखा रोगजंतू. नाव अवघड आहे, पण त्याची चाल समजायला सोपी आहे. याचे बीजाणू पाण्यात पोहतात. माती ओली आणि पाणी उभं असलं की ते कोवळ्या मुळांच्या टोकांपर्यंत जातात. रोटाव्हेटरनं तुटलेली मुळं म्हणजे त्यांना उघडं दार. एका आळ्यातलं पाणी फुटून दुसऱ्या आळ्यात गेलं की रोगही त्याच वाटेनं जातो. मुळं सडली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून दुपारी ते तहानल्यासारखं दिसतं. आणि आम्ही त्याला आणखी पाणी पाजत होतो.

२०१९ ला पाण्यावाचून झाडं गेली. त्या धास्तीनं जी आळी केली, त्या आळ्यांमुळे तीन वर्षांनी पाण्यानं झाडं जात होती. मामाजींचा हात दोन्ही वेळा झाडाच्या भल्यासाठीच होता, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे.

मोजणी

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी ऑइलपेंटनं प्रत्येक झाडावर नंबर टाकला आणि वही केली. एकूण २१२. त्यातली ३४ मेलेली, ६१ आजारी, ११७ ठीक. मेलेल्या ३४ मधली २३ खालच्या कोपऱ्यात आणि त्याला लागून असलेल्या दोन ओळींत. तोवर घरात "बाग चालली" असंच बोललं जायचं. ११७ हा आकडा कागदावर आला तेव्हा बाग काढून टाकायचा विषय बंद झाला. गावातले दोघे तेव्हा बाग उपटून कपाशी लावायला निघाले होते. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांची अर्ध्याहून जास्त झाडं गेली होती.

उपचार

सगळ्यात आधी पाण्याची वाट. जेसीबी लावून दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेनं चर काढले, फूटभर रुंद आणि दीड फूट खोल, ते सगळे दक्षिणेच्या नाल्याला जोडले. शेजारच्या शेतातून येणारं पाणी अडवायला वरच्या धुऱ्यालगत एक आडवा चर. हे काम करायच्या आधी कितीही महागडं औषध ओतलं असतं तरी वाया गेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

मग आळी मोडली. त्या जागी दुहेरी बांगडी केली. बुंध्याभोवती दीड-दोन फुटांवर मातीचं एक लहान कडं, फांद्यांच्या घेराएवढं दुसरं मोठं कडं, आणि पाणी फक्त दोहोंच्या मध्ये. बुंधा कोरडा. खायची मुळं तशीही बुंध्याशी नसतात, ती घेराखाली असतात. पुढच्या वर्षी ठिबकच्या नळ्याही बुंध्यापासून दूर, दोन्ही बाजूंना घेतल्या. रोटाव्हेटर बागेतून कायमचा बाहेर.

प्रत्येक झाडाचा जोड उघडा केला. २१२ मधून मेलेली सोडून १७८ बुंधे आम्ही तिघांनी खुरप्यानं मोकळे केले, १९ दिवस लागले. आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे दुखतात, तरी त्या पोतं अंथरून बसायच्या. डिंक असलेली सडकी साल धारदार चाकूनं निरोगी भाग लागेपर्यंत खरवडायची, परमँगनेटच्या एक टक्का पाण्यानं जखम धुवायची, खरवडलेली साल बागेत न टाकता बाहेर नेऊन जाळायची, आणि वरून बोर्डो मलम.

मलम घरीच केलं. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद रात्री प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटरमध्ये भिजत घालायचं, चुना दुसऱ्या बादलीत वेगळा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही. सकाळी दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायचे आणि काठीनं ढवळत राहायचं. रंग आभाळासारखा निळा होतो. मग त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवायचा. बाहेर काढल्यावर खिळ्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळं आहे, सालीला भाजेल, आणखी चुन्याची निवळी घालायची. पहिल्या दिवशी आमचा खिळा तीनदा तांबडा झाला, कारण चुना जुना, हवेनं मेलेला होता. ताजा कळीचा चुना आणला तेव्हा जमलं. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत मलम लावायचं, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. केलेलं मलम त्याच दिवशी संपवायचं.

आजारी ६१ झाडांच्या घेरात मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या मापानं ओतलं. महिनाभर थांबून कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून दिली. दोन्ही एकदम दिलं तर बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं, कारण ती बुरशीच आहे. सल काढताना हिरव्या भागाचा थोडा तुकडा घेऊन कापली आणि कापल्या जागी मलम.

चर, मोरचूद-चुना, औषधं आणि मजुरी मिळून पहिल्या वर्षाचा खर्च ४३ हजार. आदल्या वर्षीच्या टॉनिकांपेक्षा पाच हजारच जास्त.

सोडून दिलेला बहार

खर्चाहून कठीण गोष्ट पुढं होती. आजारी झाडाला मुळं पुन्हा धरायला वेळ हवा, आणि अंगावर फळ असेल तर सगळा जोर फळात जातो. म्हणून २०२३ चा आंबिया आजारी ६१ झाडांवर घ्यायचा नाही असं ठरलं. त्यांना ताण दिला नाही, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडलं नाही, तरी काहींनी फुलं धरलीच. मार्चमध्ये बोराएवढी फळं लागली. ती तोडायची होती.

मामाजी त्या दिवशी वरूडला काम आहे म्हणून निघून गेले. आत्याबाई आणि मी टोपली घेऊन उतरलो. ५३ नंबरच्या झाडावर आत्याबाईंनी हात लावला आणि थांबल्या. म्हणाल्या, "बाई, एवढं एक राहू दे." मी ते एक राहू दिलं. बाकीच्या झाडांची फळं उतरवली. टोपलीतल्या त्या हिरव्या गोळ्यांचा वास दोन दिवस हातांना होता.

घर कसं चाललं हेही सांगायला हवं, कारण "एक बहार सोडा" असं सांगणारे सल्ला देऊन जातात. ११७ चांगल्या झाडांचा माल होता. दोन म्हशींचं दूध होतं. यांनी दुसऱ्यांच्या बागांत फवारणीची कामं धरली. सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं केलं, म्हणजे जुनं फेडल्याचं दाखवून त्याच दिवशी नवं उचललं. त्यासाठी आठवडाभर हातउसने पैसे घ्यावे लागले. त्या वर्षी भावही पडला. बांगलादेश आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक, त्यांनी आयात शुल्क वाढवत वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ रुपयांवर नेलं आणि तिकडे जाणारा माल इथल्याच बाजारात आला. व्यापाऱ्यानं आमची चुरी, म्हणजे बारीक फळ, जवळपास फुकट मागितली. झाडांसाठी सोडलेला बहार नेमका पडत्या भावाच्या वर्षी आला, एवढंच काय ते नशीब.

काय परत आलं, काय गेलं

२०२३ च्या पावसाळ्यात चरांतून पाणी वाहताना पाहायला मामाजी घोंगडी घेऊन धुऱ्यावर उभे होते. आधी कधी ते पाणी बाहेर जाऊ द्यायला तयार नसत. सप्टेंबरात आजारी झाडांपैकी काहींना नवती फुटली, मोठ्या पानांची. मी पुन्हा वीतभर खणून पाहिलं. जुन्या काळ्या मुळांमधून पांढरट-पिवळी नवी मुळं निघाली होती, ओढली तर साल सुटत नव्हती.

६१ आजारी झाडांपैकी ४३ वाचली. १८ गेली. गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या बुंध्याचा अर्ध्याहून जास्त घेर सडलेला होता. एवढं सडलेलं झाड मी आता उपचारासाठी ठेवणार नाही. त्याच्यावर घातलेले दिवस शेजारच्या झाडाला दिले असते तर बरं झालं असतं. ५३ नंबर वाचलं.

एकूण ५२ जागा रिकाम्या झाल्या. त्यातल्या ४० जागी रंगपूर लाइमच्या खुंटावरच्या कलमा लावल्या. हा खुंट या रोगापुढे जंबेरीपेक्षा जास्त तग धरतो. कलमा उघड्या मुळांच्या न घेता पिशवीतल्या घेतल्या, कारण रोपवाटिकेच्या मातीतूनच रोग घरी येऊ शकतो. उंच गादीवाफ्यावर, जोड वर ठेवून. लावताना मामाजींनी स्वतः प्रत्येक कलमेजवळ वीत धरून जोडाची उंची मोजली. खोलगट कोपऱ्यातल्या १२ जागा तशाच सोडल्या. तिथं आता म्हशींसाठी हत्ती गवत आहे. त्या जागेवर संत्रा पुन्हा लावायचा आग्रह यांनी बरेच दिवस धरला होता, पण पाणी तिथंच येणार.

२०२४ च्या आंबियाला १६० झाडांवरून साडेपाच टन माल निघाला. मृग आम्ही आता घेत नाही. २०१८ चे आठ टन पुन्हा येतील की नाही, ते नव्या कलमा फळाला आल्यावर कळेल, आणि त्याला अजून दोन-तीन वर्षं आहेत.

रोग गेलेला नाही. फायटोप्थोराचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं राहतात, पाऊस आणि साचलेलं पाणी मिळालं की उठतात. ८७ नंबरच्या झाडाला या एप्रिलमध्येही जोडाच्या वर बोटभर डिंक दिसला, तो खरवडला. बोअरचं पाणी दर उन्हाळ्यात खालीच चाललं आहे, त्यावर चर काढून इलाज होत नाही. चरातून वाहून जाणारं पाणी नाल्याच्या तोंडाशी लहान शेततळ्यात धरायचं असं मामाजींच्या मनात आहे. जागा त्यांनी खुंट्या ठोकून आखून ठेवली आहे, गवताच्या पलीकडे, बागेपासून लांब.

आज मे २०२५ चा शेवटचा आठवडा. ओसरीवर निळी बादली झाकून ठेवली आहे, मोरचूद भिजत आहे. चुना यांनी कालच ताजा आणला. सकाळी मामाजी खिळा घासून देतील, पहिली ओळ आत्याबाईंची.